बालाजीचा कान

टेम्पो सुरू झाला तेव्हा आई ड्रायव्हरशेजारच्या खिडकीपाशी आली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तिकडं खोलीत कोंडून बसू नको, सुमन. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घेत जा." लग्नाची हळद अजून माझ्या नखांत होती. ह्यांची नोकरी चाकणच्या बाजूला एका कंपनीत, पत्रा दाबून भाग बनवतात त्या प्रेस शॉपमध्ये, आणि केज तालुक्यातल्या आमच्या गावातून मी पहिल्यांदाच इतकी लांब निघाले होते. मागे एक कपाट, भांड्यांचं पोतं आणि आईने शिवलेल्या गोधड्या होत्या. माझा धाकटा भाऊ बालाजी रस्त्याच्या मधोमध उभा होता, डोळ्यांवर आडवा हात धरून. मला हात करायचा तर तो हात त्याला काढावा लागला असता, आणि उजेड त्याला सोसत नाही. मलाही सोसत नाही. म्हणून आम्ही एकमेकांना हात न करताच लांब गेलो. टेम्पो वळल्यावर त्याची पांढरी आकृती उन्हात विरघळल्यासारखी झाली आणि मला रडायला आलं.

आम्ही दोघं जन्मतः पांढरे. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, कातडी दुधासारखी, डोळे सतत हलणारे. बाबा आणि आई नात्यातलेच, आई बाबांच्या मामाची मुलगी. आमच्याकडे तशी लग्नं होतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शाळेत मला भुरी म्हणायचे आणि बालाजीला गोरा सायब. फळ्यावरचं मला दिसायचं नाही. पाचवीची शाळा पलीकडच्या गावात होती, वाट सगळी उघड्या रानातून. चौथीनंतर माझी शाळा सुटली. आजही लिहिताना कागद नाकाजवळ धरावा लागतो आणि अक्षर मोठं काढावं लागतं. पण जे तोंडाने चारचौघांत सांगता येत नाही ते असं सांगता येतं. गावाहून इकडे आलेल्या आणि गावातच राहिलेल्या माझ्या माणसांना हे सांगायचं आहे.

आम्ही जन्मलो तेव्हा सुईणीने आईला सांगितलं होतं, "कच्ची राहिलीत लेकरं. उन्हात पिकू दे." आईने ते मनावर घेतलं. रोज सकाळी ती आम्हाला करडईचं तेल चोळायची आणि अंगणात बाजेवर उताणं निजवायची. नंतर पालथं घालायची. ऊन चढेपर्यंत आम्ही तसेच. अंग लाल व्हायचं, चुरचुरायचं, मग कातडी निघायची. आम्ही लाल झालो की आईचा चेहरा उजळायचा. तिला वाटायचं, रंग धरतोय. दुसऱ्या बायका लेकरांना काजळतीट लावायच्या आणि माझी आई आमच्या अंगाला ऊन लावायची. तिच्याइतकी माया मी दुसऱ्या कुठल्या बाईत पाहिली नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना कुणी तिला बोल लावू नये.

चाकणजवळ महाळुंग्याला आमची खोली पत्र्याची. दोन्ही बाजूंना अशाच खोल्या, कुणी बिहारचं, कुणी नांदेडचं, कुणी कोकणातलं. शिफ्ट सुटली की सगळ्यांचे डबे एकाच नळावर घासले जायचे. गावात मी घरातून बाहेर पडले की लोक बघायचे, इथेही बघायचे, पण इथे त्यांना थांबायला वेळ नव्हता. मला ते बरं वाटलं. आधी मी एका कंपनीच्या बागेत गवत काढायच्या कामाला लागले. ठेकेदाराने सांगितलं, साडी चालणार नाही, पदर चालणार नाही, सलवार आणि टोपी घालायची. गावात लग्नाआधीपासूनच मी साडी नेसायचे, आणि डोक्यावरचा पदर मला नकोसा व्हायचा. इथे तो गेला आणि मोकळं वाटलं. त्या पदराने इतकी वर्षं माझे कान आणि गाल झाकले होते, हे मला कुठे माहीत होतं? बागेत अंग भाजायला लागलं, डोळ्यांतून पाणी थांबेना, तेव्हा ह्यांनी खटपट करून मला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळवून दिलं. तिथे सावली होती.

तिथेच एक दिवस मालनबाईने माझा गाल पकडला. मालनबाई मावळातली, शेत होतं, काही कंपनीत गेलं, काही राहिलं. तिचा आवाज सगळ्या कॅन्टीनला पुरायचा.

"अगं, तुज्या गालाला कणीक चिकाटलीया. थांब, काढते."

तिने अंगठ्याने घासलं. मी ओरडले.

"आगं बया, निघंना की! काय हाय गं ह्ये?"

"काही नाही. येतं, जातं."

"कवाधरनं?"

मी सांगितलं नाही. खरं म्हणजे मलाही नक्की आठवत नव्हतं. तोंड पुसताना टॉवेल तिथे अडकायचा. बोट फिरवलं की ह्यांच्या कंपनीतल्या पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागायचं. मी नखाने पापुद्रा काढायचे, थोडे दिवस गुळगुळीत राहायचं, मग पुन्हा तेच. डाग गुलाबीसर होता आणि माझ्या कातडीवर फारसा दिसायचाही नाही. एक नाकावर, एक डाव्या हाताच्या पाठीवर. मी खोबरेल लावायचे आणि गप्प बसायचे.

मालनबाई गप्प बसणारी नव्हती. सुट्टीच्या दिवशी तिने मला स्वतः पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. केसपेपर काढायच्या रांगेतल्या माणसाने माझ्याकडे टक लावून बघितलं तेव्हा त्याला म्हणाली, "फोटू काडायचा का दादा? का असाच पाठ करताय?" मला जमिनीत जावंसं वाटलं आणि हसूही आलं.

कातडीच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी आधी डोळ्यांनी पाहिलं आणि मग माझ्या सगळ्या चेहऱ्यावरून, कानांवरून, हातांवरून सावकाश बोट फिरवलं. "हे दिसण्यापेक्षा हाताला जास्त कळतं," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. आयुष्यभर मला डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त दाखवलं आहे.

मग त्यांनी समजावलं, ते मला कळलं तसं लिहिते. माणसाच्या कातडीत एक रंग असतो, तो उन्हाला आत जाऊ देत नाही. आमच्या कातडीत तो रंग तयारच होत नाही, आणि कितीही ऊन घेतलं तरी होणार नाही. ऊन सरळ आत जातं आणि कातडी बिघडवतं. कातडी आपली आपण दुरुस्त होत असते, पण लहानपणापासून रोज तेच चाललं तर दुरुस्ती नीट होत नाही, आणि मग कधीतरी असे खरखरीत डाग उठतात.

"हा कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या. "कॅन्सरच्या आधीची पायरी म्हणा. बरेचसे डाग तसेच राहतात, काही आपोआप जातातसुद्धा. पण एखादा पुढे जातो. कुठला जाईल ते बघून आम्हालाही सांगता येत नाही. म्हणून घालवायचे."

त्यांनी एका छोट्या थर्मासमधून माझ्या डागांवर थंडगार वाफ फवारली. गार असून निखारा ठेवल्यासारखं भाजलं. फोड येईल, खपली धरेल, पडू द्या, ओरबाडू नका, असं सांगितलं. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या, चेहऱ्याला आणि कानांना लावायचं मलम, आणि ठराविक दिवसांनी तपासणी. शेवटी त्या म्हणाल्या, "एखादा डाग जाड झाला, दुखायला लागला, रक्त आलं, तर तारखेची वाट बघायची नाही. लगेच यायचं."

मी दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. बालाजीच्या कानावर फोड होता. गेल्या खेपेला गावी गेले तेव्हा त्याच्या बनियनवर खांद्यापाशी रक्ताचे डाग होते आणि मी ते धुतले होते. मागे पुढचा पेशंट आत आला होता. मला परक्यांशी बोलता येत नाही. मालनबाईने ढोसलं, "काय गं, काय राहिलं?" मी परत फिरले आणि खाली बघत म्हणाले, "माझा भाऊ माझ्यासारखाच आहे. त्याच्या कानावर कडक आहे. रक्त येतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुठे असतो?"

"गावाकडे. शेतात."

"त्याला घेऊन या. याच आठवड्यात."

घरी आल्या आल्या फोन लावला. बालाजी हसला.

"चामखीळ हाय, अक्का. न्हाव्याचा वस्तरा लागला की रगत येतंय, एवढंच. तू तिकडं जाऊन डॉक्टरीण झालीस का काय?"

"दुखतं का?"

"उशी लागली की दुखतंय. तुझा नवरा बोलला की तुला दुखत न्हाई का? तसंच."

"बाला, मस्करी नको करू."

"अगं, सोयाबीन उभं हाय रानात. ते काढू का कान दाखवत फिरू?"

आईने फोन घेतला. "उष्णता झालीय त्याला. ताक पी म्हणलं तर ऐकत न्हाई. तू नको काळजी करू. तू ऊन घेती का न्हाई सकाळचं?"

मी फोन ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी व्हिडिओ कॉल करून बालाजीला कान दाखवायला लावलं. मला पडद्यावर नुसता उजेड दिसला. ह्यांनी मात्र पाहिलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "शेंगदाण्याएवढं आहे. वर शिंगासारखं कडक." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पत्र्यावरचा गंज वरवर असला तर पॉलिश पेपरने जातो. आत गेला तर पत्रा कापावा लागतो." ते मला घाबरवत नव्हते. त्यांना समजून घ्यायचं असलं की ते सगळं कंपनीच्या भाषेत आणतात. पण त्या वाक्यानंतर मला जेवण गेलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. मी पोळ्या लाटत होते आणि डोळ्यांसमोर त्याचा कान होता. बालाजी दुपारच्या उन्हात बियाण्याच्या कंपनीने वाटलेली टोपी घालतो. तिचं टोक कपाळावर सावली धरतं आणि दोन्ही कान उघडे राहतात. मला निदान पदर होता. त्याला काय होतं? आम्ही एकाच बाजेवर भाजलो, पण मी सोळा-सतराव्या वर्षी पदराखाली गेले आणि तो तसाच उघडा राहिला.

ह्यांना सुट्टी मिळेना. ऑर्डर मोठी, ओव्हरटाइम सक्तीचा. मग मी एकटी निघाले. माझ्यासाठी ही गोष्ट किती मोठी होती ते सांगून कळणार नाही. एसटीची पाटी मला वाचता येत नाही. स्टँडवर एक गाडी माझ्यासमोरून भरून निघून गेली, ती माझीच होती हे नंतर कळलं. कुणाला विचारायचं धाडस झालं नव्हतं. त्या गाडीचा धूर नाकात गेला आणि मला माझाच राग आला. पुढच्या वेळी एका कॉलेजच्या मुलीचा हात धरून विचारलं. तिने मला आत नेऊन खिडकीच्या जागेवर बसवलं. मी तिला म्हटलं, "सावलीची बाजू कुठली?" ती म्हणाली, "मावशी, मला पण तीच पाहिजे," आणि आम्ही दोघी डाव्या बाजूला गेलो.

गावी पोचले तेव्हा दुपार होती आणि बालाजी रानात. मी छत्री उघडून बांधावरून चालत गेले. गावातली मंडळी बघत होती, भुरी छत्री घेऊन आली म्हणून. तो वाकून सोयाबीन काढत होता. मला बघून हसत उभा राहिला आणि मी हसले नाही.

"खाली बस," मी म्हटलं.

तो बसला. मी त्याच्या कानाला हात लावला. वरच्या काठावर तो खडा होता. नुसता वरच नव्हता, त्याच्या बुडाशी मांस घट्ट झालं होतं, चिंचोक्यासारखं. माझे डाग असे कधीच लागले नव्हते, ते वरवरचे होते. मी हलकं दाबलं तर तो दचकून मागे सरला.

"उद्या सकाळच्या गाडीने निघायचं," मी म्हटलं.

"अन् सोयाबीन?"

"सोयाबीन पुढल्या साली पुन्हा येतं, बाला."

माझा आवाज चढला होता. शेजारच्या रानातल्या बायका थांबून बघायला लागल्या. मी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. बालाजीने विळा उचलून पुसला आणि म्हणाला, "येवढं काय हाय, अक्का?" मी माहीत नाही अशी मान हलवली. मला त्याला खोटं सांगता आलं नाही आणि खरं काय ते मलाही माहीत नव्हतं.

घरी आई म्हणाली, "मी बी येते."

दवाखान्यात मॅडमनी बराच वेळ त्याचा कान पाहिला, मग मानेवर आणि जबड्याखाली बोटांनी दाबत गाठी शोधल्या. गाठ लागली नाही. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, म्हणाल्या. आणि लिहिता लिहिता सहज विचारलं, "लहानपणी उन्हात फार असायचा का?"

बालाजीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. आई स्टुलावर बसली होती, पिशवी मांडीवर धरून.

"मीच ठेवायची," आई म्हणाली. "तेल लावून. दोघांना बी. रंग यावा म्हणून."

मॅडम लिहायचं थांबवून म्हणाल्या, "आजी, तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"न्हाई," आई म्हणाली. "सुईणीनं उलटंच सांगितलं."

रिपोर्ट यायला वेळ होता. ते दिवस आमच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघं. बालाजी कानाला पट्टी लावून कॉटवर पडलेला. मध्येच ह्यांना म्हणायचा, "दाजी, तुमच्या कंपनीत कान बनवत असतील तर एक आणा की. थोडा डिफेक्टचा असला तरी चालंल." हे म्हणायचे, "क्वालिटीवाला पास करणार नाही." दोघं हसायचे. आई जेवत नव्हती. सकाळी खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत यायचा आणि दुपारपर्यंत सरकत सरकत कॉटपर्यंत पोचायचा. आईने आधी बालाजीला सरकवलं, मग कॉट ओढली. शेवटी स्वतःचं लुगडं दुपदरी करून खिडकीवर खिळ्यांनी ठोकलं. खोलीत अंधार झाला, उकडायला लागलं. कुणी तिला ते काढ म्हटलं नाही.

रिपोर्ट मॅडमनी समोर बसवून सांगितला. डाग पुढे गेला होता. कॅन्सर होता, पण कानापुरता. कानाचा वरचा भाग कापून काढावा लागेल. बालाजीने एकच विचारलं, "ऐकू येईल ना?" येईल, म्हणाल्या. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे अक्काचं ओरडणं चुकत न्हाई." तेव्हा मी रडले. तोपर्यंत दम धरला होता.

ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाच्या कडा पुन्हा तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. त्याच्या कपाळावर आणि हातांवर माझ्यासारखे साधे डागही होते, ते गारव्याने जाळले. आता दर काही महिन्यांनी यायचं, जन्मभर. मॅडमनी बजावलं, हा गेला म्हणजे संपलं असं नाही, ज्या उन्हाने हा केला ते सगळीकडे पडलेलं आहे, नवे येऊ शकतात. बालाजीचा कान आता वरून सपाट आहे. उन्हासाठी घेतलेल्या काळ्या चष्म्याची काडी तिथे बसत नाही, दोरी बांधावी लागते.

जायच्या आदल्या दिवशी आई माझ्याशेजारी भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "सुमन, खरं सांग. उन्हानंच झालं ना?"

"उन्हाने झालं."

"मग मीच की."

मी तिचा हात धरून माझ्या गालावर ठेवला, जिथे डाग होता तिथे. आता ते गुळगुळीत आहे. ती कितीतरी वेळ तिथे बोट फिरवत राहिली, मेथीची पानं हाताला चिकटलेली तशीच.

मी बालाजीला म्हटलं होतं, इथेच राहा, कॅन्टीनमध्ये नाहीतर स्टोअरमध्ये, सावलीतलं काम बघू. तो नाही म्हणाला. रान त्याचं आहे, आई तिथे आहे. कान झाकणारी मोठी टोपी, पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि मलमाच्या ट्यूब घेऊन तो गेला. कामं पहाटे आणि दिवस कलल्यावर करीन, दुपारी घरात थांबीन, असं त्याने मॅडमसमोर कबूल केलं आहे.

पूर्वी मला गाव आठवायचं म्हणजे अंगण आठवायचं, ती बाज, करडईच्या तेलाचा वास. ते आठवलं की ऊब वाटायची. आता त्याच आठवणीने कातडी चुरचुरते, आणि तरी ती आठवण मला टाकून देता येत नाही, कारण आईचे हात त्यातच आहेत. इकडे महाळुंग्याला माझी खोली आहे, काम आहे, मालनबाई आहे. लोक विचारतात, घर कुठलं? मी खोलीचा पत्ता सांगते. पण रोज दुपारी कॅन्टीनमधली पंगत उठली की मी मागच्या जिन्यात जाऊन गावी फोन लावते, आणि तेवढा वेळ मी घरी असते.

"कुठं आहेस?" एवढंच विचारते.

"घरात. सावलीत."

मला त्याच्या शब्दांवर विसंबता येत नाही. मी त्याच्या मागचे आवाज ऐकते. घरात असला की भांडं वाजतं, शेळी ओरडते, आई कुणाशी तरी बोलत असते. रानात असला की नुसता वारा असतो, फोनमध्ये फडफडणारा. परवा तो म्हणाला, "घरात हाय की," आणि मागे वारा होता. मी काही बोलले नाही. फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. खालून मालनबाई हाका मारत होती, भांडी राहिली होती. बालाजीही काही बोलेना. मग त्याच्या पावलांचा आवाज यायला लागला, ढेकळांवरून, मग वाटेवरून. बराच वेळ येत राहिला. शेवटी दाराची कडी वाजली, वारा थांबला आणि आईचा आवाज आला, "आला का रं?"

मग मी फोन ठेवला.